टीव्हीचा हार

आमच्या कॉलनीत केबल आली आणि लगेच अमेरिकन चॅनलवर युद्ध सुरू झालं. हिरव्या अंधारात बॉम्ब पडत होते. निवेदक मॅचचा स्कोअर सांगावा तसा बोलत होता आणि आम्ही शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर बसून चिवडा खात होतो. सकाळच्या पौराणिक मालिकेसाठी काकूंनी टीव्हीला घातलेला झेंडूचा हार अजून तसाच होता. त्या हाराखाली एक अख्खी इमारत फुटली.

"काय नेम आहे बघा," काका म्हणाले.

"आत माणसं असतील हो," म्हणत काकू उठल्या आणि त्यांनी हार काढून घेतला. टीव्ही चालूच राहिला. चिवड्याची बशीही फिरत राहिली.

आता युद्ध रोज घरात येतं. टीव्हीला हार कुणी घालत नाही, म्हणून काढायलाही कुणी उठत नाही.