कळपामागचे रायभान

रायभान आबांना लंडन दाखवायचं म्हणजे त्यांच्या मुलाला, शिवशंकरला, पुन्हा पुन्हा मागं वळून बघावं लागत होतं. आबा काही केल्या बरोबरीनं चालत नव्हते. मुलगा थांबला की तेही थांबत आणि तो निघाला की चार हात अंतर ठेवून निघत.

"आबा, बरोबर चाला की. गर्दी किती हाय!"

"तू चाल. मी हाय मागं."

तसं यात नवल नव्हतं. वाटूरजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या आबांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला होता. उन्हाळा लागला की मेंढरं घेऊन शहागडपर्यंत गोदाकाठ धरायचा, कुणाच्या रानात खतासाठी ती बसवायची आणि पुन्हा पुढची वाट. कळपाच्या पुढं कुणीही चालू शकतं, असं आबांचं ठाम मत. लहानपणी शिवशंकरच चालायचा, स्वतःपेक्षा उंच काठी घेऊन. मागं मात्र जाणता माणूस लागतो, कारण लंगडी, गाभण, नुकतं जन्मलेलं कोकरू, सगळं मागंच रेंगाळतं. सडकेवर समोरून ट्रक आला की पोरगं बिचकून थांबायचं. मग धुळीतून आवाज यायचा, "चाल तू. मी हाय मागं." एवढं ऐकलं की पोरगं चालू लागायचं.

पण लंडनमध्ये मागं चालण्याला आणखी एक कारण होतं, आणि ते फक्त त्यांच्या बायकोला, गोपिकाबाईंना ठाऊक होतं. वर्षभरात आबांची नजर पार गेली होती. एका डोळ्यापुढं धुकं आणि दुसऱ्यापुढं त्याहून दाट धुकं. मुलाचं पिवळंजर्द जाकीट समोर ठेवलं की वाट चुकत नव्हती, इतकाच काय तो आधार.

सांगायला काय हरकत होती? हरकत अशी, की आबा शब्दात अडकले होते. "आता बस करा, आबा, मेंढरं विका," असं शिवशंकर दरवेळी गावी आला की म्हणायचा. एकदा आबा तोऱ्यात बोलून गेले होते, "ज्या दिवशी पाय न्हाईतर डोळे न्हाई म्हनतील, त्या दिवशी विकतो. दिला शब्द!" आता डोळ्यांचं कबूल केलं की कळप गेला. कळप गेला की पहाटे उठून करायचं काय, हे काही त्यांना सुचत नव्हतं. गावीच राहिलेल्या गोपिकाबाईंनी निघताना बजावलं होतं, "पोराला तुमी सांगा, न्हाईतर मी सांगते." आबा मान डोलावून विमानात बसले आणि लंडनला येऊन मूग गिळून बसले. मेंढरं पुतण्याकडं, अंगदकडं सोपवली होती. परवा परत निघायचं होतं.

सून मनीषा कामावर गेलेली, त्यामुळं आजच्या दिवशी बापलेक दोघंच होते. बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. शिवशंकर बोटानं एकेक दाखवत होता आणि आबा सगळ्यालाच "लई भारी" म्हणत होते.

"काय भारी वाटलं, आबा?"

"समदंच. एक काय सांगू?"

राजवाड्यापुढं केसाळ टोपीवाले पहारेकरी होते. आबांना तांबडा पट्टा आणि त्यावर काळा ढीग, एवढंच दिसलं. "उन्हाचं डोस्क्यावर घोंगडं कशाला घेतलं बिचाऱ्यांनी?" म्हणाले. मुलगा पोट धरून हसला आणि आबांची वेळ निभावली. मोठ्या घड्याळाखाली मात्र त्यानं सरळच विचारलं, "किती वाजले बघा बरं." आबांनी मान वर केली. वर नुसता पिवळसर खांब दिसत होता. इतक्यात टोले पडू लागले. आबांनी ते मनात मोजले आणि ऐटीत सांगितलं, "अकरा." देवानंच लाज राखली.

"आता तुमच्यासाठी खास गंमत हाय," शिवशंकर म्हणाला आणि त्यांना नदीवरच्या एका पुलावर घेऊन गेला. या शहरातल्या मानाच्या माणसांना पूर्वी पुलावरून मेंढ्या जकात न भरता न्यायचा हक्क होता. त्याची आठवण म्हणून अजूनही वर्षातून एकदा थोड्या मेंढ्या आणतात आणि लोक हौसेनं त्या हाकतात. दोन्ही बाजूंना अडसर लावले होते आणि बघ्यांची झुंबड उडाली होती.

आबांना आधी वास आला. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, आपल्या घरचा वास. मग खुरांचा आवाज. इतक्या लांबच्या मुलखात हे भेटेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांचा ऊर भरून आला.

"दिसल्या का, आबा?"

"न दिसायला काय झालं?" आबा म्हणाले, आणि एवढ्यावर थांबायचं सोडून उगाच पुढं बोलत गेले. अडसराच्या कडेला काहीतरी पांढरं पडलेलं त्यांना दिसलं. "ती बघ, कडंला एकटीच बसली. कळप चालला अन् मेंढी बसली म्हंजी दुखणं हाय तिला. उठव जल्दी, न्हाईतर तुडवतेल!" ते वाकले आणि तोंडानं टक् टक् करत तिला उठवू लागले.

शिवशंकरनं बघितलं. अडसर वाऱ्यानं पडू नयेत म्हणून तिथं वाळूची पांढरी गोणी ठेवलेली होती.

तो हळूच म्हणाला, "उठली, आबा. गेली कळपात."

आबा वाकलेले तसेच राहिले. पांढरं होतं तिथंच होतं. म्हणजे ती मेंढी नव्हती. म्हणजे पोरगं आपल्यासाठी खोटं बोललं. म्हणजे त्याला सगळं कळलं. मेंढ्या पुढं गेल्या, लोक टाळ्या वाजवत होते आणि आबा अडसराला धरून सावकाश उभे राहिले.

"कवापासून?" शिवशंकरनं विचारलं.

"मागच्या पाडव्यापासून."

"अन् मेंढरं कशी नेता मंग?"

"वासानं. आवाजानं. तुझी माय पुढं असती." आबा म्हणाले, "अंगदला फोन लाव. गिऱ्हाईक बघ म्हनावं. शब्द दिल्ता मी."

"घाई न्हाई. आधी डोळे दाखवू. मोतीबिंदू असंल तर काढतेत."

"अन् नसंल तर?"

शिवशंकरनं बापाला शब्दात पकडायची इतकी वर्षं वाट पाहिली होती, आणि आता त्याच्यानं फोन खिशातून काढवेना. त्याला स्वतःचीच शरम वाटली.

दोघं परत निघाले. आबा सवयीनं थांबून पिवळं जाकीट पुढं जायची वाट बघू लागले. ते पुढं गेलंच नाही.

"निघ की."

"तुमी चाला, आबा," पाठीमागून आवाज आला. "वाट सरळ हाय. मी हाय मागं."

मागं कोण लागतं, हे आबांइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या डोळ्यांत पाणी भरलं आणि दिसत होतं तेवढंही दिसेनासं झालं. समोरून मोटारींचा आवाज येत होता, माणसं येत होती. आबांनी पाऊल उचललं आणि पूल संपेपर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नाही.