सीटवरची शाल

नोकरीतल्या बऱ्याच केसेस विसरलो, पण बदलापूरची ही एक मिसिंग काही केल्या डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. एक म्हातारी समुद्र बघायला गेली आणि बस तिच्याशिवाय परत आली, एवढंच. नावं सांगणार नाही. ती माणसं अजून बदलापूरच्या शिरगावातच राहतात.

सोमवारी सकाळी मी पोलीस ठाण्यात पोचलो तेव्हा नवरा-बायको बाकावर बसले होते, मध्ये भरपूर जागा सोडून. नवरा अंबरनाथला एमआयडीसीत सुपरवायझर. रात्रीच्या ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल केली होती आणि मुरूडकडच्या ठाण्याला वायरलेसही गेला होता. मी खुर्चीत बसतो न बसतो तोच नवरा टेबलाशी आला.

"साहेब, मिसिंग-बिसिंग काय नाय. माझ्या आईला हिने मुद्दाम समुद्रावर सोडलंय. सरळ केस घ्या हिच्यावर!"

बायको खाली मान घालून बसून होती. रडत नव्हती की उलट बोलत नव्हती. हे मला खटकलं.

हकिगत अशी. रविवारी बिल्डिंगमधल्या बायकांनी बस ठरवली होती. रेवदंड्याचा पूल, तिथून उजव्या हाताला समुद्र धरून काशीद, मग मुरूड, आणि रात्री परत. गाण्याच्या भेंड्या, शहाळी, सुरूच्या झाडांखाली जेवण, फोटो, सगळं यथासांग झालं. बस शिरगावात परतली, नवरा आईला उतरवून घ्यायला दारात उभा राहिला, आणि सगळ्यात शेवटी उतरली ती एकटी सून.

मी सहल काढणाऱ्या काकूंना बोलावलं. "अहो साहेब, मी मुरूडहून निघताना मोजली ना माणसं! आजींच्या सीटवर त्यांची शाल होती. म्हटलं, आजी कुठायत? तर सून म्हणाली, उलटीसारखं होतंय म्हणून पुढे केबिनमध्ये बसल्यात."

यात काकूंची चूक म्हणावी तर ती आपल्या सगळ्यांचीच. एसटी असो नाही तर लग्नाची पंगत, आपल्याकडे रुमाल टाकला की जागा भरली. काकूंनी शाल मोजली आणि बस सोडली.

बस उल्हासनगरच्या मालकाची होती. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "साब, केबिन में कोई अम्मा थीच नहीं. मैं, क्लीनर और अपना गणपती, बस."

म्हणजे सून धडधडीत खोटं बोलली होती. तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर एका बाईचा दबका आवाज आला. बसमधलीच होती. "माझं नाव नका घेऊ हां साहेब. ती शाल सुनेनेच पसरून ठेवली, मी बघितली. आणि एक सांगते, आम्ही सगळ्या महाबळेश्वर म्हणत होतो, काशीदचा हट्ट हिनेच धरला."

हट्ट, शाल आणि खोटं. एखाद्यावर गुन्हा दाखल करायला मी याहून कमी पुराव्यावर कागद काढलेले आहेत. महिला हवालदारांना शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"आजी कुठे उतरल्या?"

"सांगते साहेब. संध्याकाळी सांगते."

"संध्याकाळी? ही काय डॉक्टरची अपॉइंटमेंट आहे? अहो बाई, तिकडे किनाऱ्यावर पोलीस शोधतायत! काही बरंवाईट झालं तर तुम्ही आत जाल, कळतंय का?"

"कळतंय," ती म्हणाली. "पण शपथ आहे."

मी टेबलावर हात आपटला. माझा स्वभाव तापट, ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होता. ती दचकली, पण तोंड उघडेना. फोन वाजला की मी पहिल्या घंटेलाच उचलत होतो. भरतीने काही किनाऱ्याला लागलं तर पहिला निरोप मलाच येणार होता. नवरा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होता आणि बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात सासऱ्यांना फोन करून "तुमची पोरगी घेऊन जा" म्हणत होता.

हवालदार बाईंना मी म्हातारीचा फोटो आणि औषधाची चिठ्ठी आणायला घरी पाठवलं. त्या परतल्या त्या गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी घेऊन, वारांचे खण असलेली. रविवारचा खण रिकामा होता. सोमवारचाही.

"सर," त्या म्हणाल्या, "जिला टाकून यायचं तिला दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या कोण बांधून देतं? कपाटातलं नेसायचं एक लुगडंपण कमी आहे."

मी ती डबी सुनेसमोर ठेवली. आवाज न चढवता म्हटलं, "पोरी, त्या परत कधी येणार आहेत?"

तेव्हा मात्र तिला हुंदका आवरला नाही.

सासूचं माहेर मुरूडच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. एकुलता एक भाऊ. म्हातारीचे यजमान गेले तेव्हा हा भाऊ दहाव्याला आला नाही. मुलाने मनात धरलं आणि संबंध तोडले. फोन बंद, जाणं-येणं बंद. मामाचं नाव काढलं तरी घरात भांडण. म्हातारी दर भाऊबीजेला गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळायची. गणपतीच्या आधी बाजारात तिकडची एक ओळखीची बाई भेटली. तिने सांगितलं, भाऊ अंथरुणाला खिळलाय. तेव्हापासून म्हातारीचा एकच धोशा होता, एकदा त्याला डोळे भरून बघू दे. मुरूडला सगळ्या फोटोत गुंतल्या तेव्हा सुनेने तिला गुपचूप रिक्षात बसवून दिलं होतं.

"ह्यांना कळलं असतं तर मागोमाग गेले असते, आणि मरणाऱ्या माणसासमोर तमाशा," सून म्हणाली. "आई म्हणाल्या, एक रात्र राहीन, उद्या एसटीने पनवेलवरून येईन. तोवर बोललीस तर नातवाची शपथ आहे."

मी मुरूडच्या ठाण्याला गावाचं नाव कळवलं. तासाभरात तिकडच्या हवालदाराचा फोन आला. "बाई सुखरूप आहेत साहेब. पण ओट्यावरून उठत नाहीत. तुम्ही घरच्यांना घेऊन या."

वरिष्ठांना सांगून मी स्वतः नवरा-बायकोला जीपमध्ये घेऊन निघालो. तोच किनारा, तीच सुरूची झाडं.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. म्हातारी ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. दारात भाचेसून पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ती हळूच मला म्हणाली, "मामंजी नवरात्रातच गेले. बदलापूरला कळवायचं होतं, पण तिकडून निरोप होता ना, आमचा तुमचा संबंध संपला म्हणून. मग कुणाला कळवणार?"

मुलगा आईसमोर जाऊन उभा राहिला. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिने नुसतं वर बघितलं.

"दिवाळीत मी ओवाळलं रे त्याला," ती म्हणाली. "औक्षवंत हो म्हणाले. तेव्हा तो नव्हताच. त्याच्या नावाने अंगावर पाणीसुद्धा घेतलं नाही मी."

मग तीच म्हणाली, "जा, विहिरीवर जाऊन अंघोळ करून ये. मामा होता तुझा."

तो गेला. पँट-शर्टासकट त्याने अंगावर घागर ओतून घेतली आणि तिथेच मटकन बसून लहान मुलासारखा रडला. सून टॉवेल घेऊन धावली. सकाळी जिच्यावर केस घ्या म्हणत होता, तिच्याच पदरात त्याने तोंड लपवलं.

पोलिसाला पुरावे शोधायला शिकवतात. इथे हट्ट खरा होता, खोटं खरं होतं, शालही खरी होती. पण ते सगळं त्या पोरीने सासूच्या मायेपोटी केलं होतं. आणि जे खरोखर घडू नये ते झालं होतं, त्याला माझ्या पुस्तकात कलम नाही. रुसवा धरणारा माणूस समजतो की पलीकडचा वाट बघत बसलाय, आज ना उद्या बघू. पलीकडचा कधी निघून गेला, ते त्याला कोणी सांगायलाही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मिसिंग बंद केली. शेरा लिहिला, 'सदर महिला सुखरूप मिळून आली.' सुखरूप लिहिताना हात थांबला होता. पण त्या रकान्यात लिहायला आमच्याकडे दुसरा शब्द नाही.