मावशी एकदाच बोलली

माझा व्यवसाय बातमीदारीचा. भूत, करणी, अंगात येणं यांच्या बातम्या अलिबागच्या आमच्या डेस्कवर अधूनमधून येतात आणि बहुतेक वेळा त्या कापायचं काम माझ्याकडे येतं. त्यामुळे या पानावर मी काही लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. इथले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून, हेही सांगून टाकतो. खाली जे लिहिलंय त्यात माझ्या बाजूने एकही विशेषण घुसू नये असा प्रयत्न केलाय. जमलं नसेल तर सांभाळून घ्या...

तोर्विया हा देश नकाशावर शोधावा लागतो. आपल्याकडे तो माहीत झाला तो ग्रेनिक कंपनीमुळे. ही त्या देशाची सरकारी वाहन कंपनी. तिथल्या मंत्र्यांच्या मोटारी, रुग्णवाहिका, खाणीतले डंपर, सगळं तीच बनवते. गाडीच्या नाकावर रानबकऱ्याच्या शिंगांचं चिन्ह असतं. ग्रेनिकचे डंपर दिघी बंदरात उतरायला लागले तसं आमच्या आगरी गावांतून त्यांना नाव पडलं – बोकड. "हिरामणनं बोकड घेतला" असं पोयनाडच्या बाजारात कुणी म्हणालं, तर ऐकणाऱ्याला मटणाची आठवण येत नाही.

हिरामण म्हणजे माझा मेव्हणा, धाकट्या बहिणीचा – रंजनाचा – नवरा. पोयनाडच्या पुढे खाडीकडे त्यांचं गाव. घराण्याची मिठागरं होती, ती गेली. मग दोघं भाऊ गाड्यांवर आले. मोठा जनार्दन, धाकटा हिरामण.

या बोकडाची एक गंमत होती. तो बोलायचा. दार उघडं राहिलं, पट्टा लावला नाही, डिझेल उतरलं, की केबिनमधून एका बाईचा आवाज तोर्वियन भाषेत काहीतरी सांगायचा. मराठी सोडा, हिंदी किंवा इंग्रजीचीही सोय कंपनीने दिली नव्हती. विचारलं तर "पुढच्या मॉडेलला येईल" हे उत्तर. ड्रायव्हरांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला. शब्द कळत नव्हते, पण चाल कळायची. आखूड आणि ठसक्यात म्हणजे दार. लांबलचक आणि शेवटी रडवेलं म्हणजे डिझेल. त्या आवाजाला सगळे मावशी म्हणायचे आणि मावशी बोलली की तिला उत्तर द्यायचं, अशी पद्धतच पडली होती. हिरामणच्या गाडीत मी बसलोय. आवाज आला की तो समोरून नजर न हलवता म्हणायचा, "व्हय गो मावशी, ऐकला." मग दार लावायचा.

म्हसळ्याच्या बाजूला, दिघीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या उतारावर त्याचे ब्रेक गेले. गाडीत बंदराच्या कामाची खडी होती. समोरून माणसांनी भरलेली सहा आसनी रिक्षा येत होती. हिरामणने डंपर डोंगराच्या अंगाला घातला. सहा आसनीतल्या कुणाला खरचटलंही नाही. हिरामण जागीच गेला.

या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. ब्रेकला हवा धरत नाही, ही तक्रार त्याने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आधी सांगितली होती. तिथल्या लोकांनी गाडी ठेवून घेतली, परत दिली. अपघातानंतर कंपनीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं की हवेचा दाब उतरल्याचा इशारा गाडीने चालकाला दिला होता, चालकाने त्याकडे दुर्लक्ष केलं, सबब चालकाचा निष्काळजीपणा.

रंजनाने तो शब्द मला फोनवर वाचून दाखवला. नंतर म्हणाली, "दादा, मावशीनं सांगला आनि त्यांनी ऐकला न्हाय, असा कवा झालाय?"

तिला एवढंच हवं होतं. तो शब्द पुसला जायला हवा होता. बाकी कशासाठीही ती वकिलाकडे गेली नाही.

मी बोकड चालवणाऱ्या बऱ्याच ड्रायव्हरांशी बोललो. हवा उतरल्यावर मावशी काय म्हणते, हे एकालाही सांगता आलं नाही. असं काही ती बोलते हेच त्यांना माहीत नव्हतं. काहींच्या गाडीत हवेचा काटा पार खाली गेला होता, तरी मावशी गप्पच. यावर कंपनीचं म्हणणं – चालकांना आमची भाषा येत नाही, त्यामुळे त्यांच्या सांगण्याला अर्थ नाही.

पोलिसांनी सोडलेला डंपर गावात आणून मिठागराच्या बांधाला, दगडांवर उभा केला होता. पुढून, क्लीनरच्या बाजूने जास्त चेपलेला. दोन्ही बॅटऱ्या जनार्दनने काढून आपल्या गाडीला लावल्या होत्या. इथपर्यंत काहीच अमानवीय नाही... असलंच तर ते कंपनीचं पत्र.

दसऱ्याच्या सकाळी गावात नेहमीसारखी गाड्यांची पूजा चालली होती. रंजना म्हणाली, यांच्या गाडीचीही करायची. सासूने कपाळावर हात मारला.

"माजा पोर खाल्ला तिनं, आनि तिला हार घालतेस?"

"गाडीनं न्हाय खाल्ला, आये. ज्यांनी बनवली त्यांनी खाल्ला."

जनार्दन वातावरण हलकं करायला म्हणाला, "घाल गो, घाल. पन मावशीला जास्त लाडवू नको, मंग दिवसभर बडबडंल."

रंजनाने मला मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं. का ते मी विचारलं नाही. तिने झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. दर दसऱ्याला हिरामण बॅटरीलाही हळदकुंकू लावायचा. बॅटऱ्या नव्हत्या, म्हणून तिने रिकाम्या पेटीत हळदकुंकू वाहिलं आणि तिथेच निरांजन ठेवलं. केबलची तोंडं बाजूला लोंबत होती. हे सगळं चित्रणात आहे.

तिने नारळ फोडला. आणि केबिनमधून मावशी बोलली.

एकच वाक्य. नेहमीचाच आवाज, स्वच्छ, कुठे खरखर नाही. चाल मात्र वेगळी – पहिले शब्द सपाट, शेवटचा शब्द आज्ञेसारखा.

जनार्दनच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "व्हय गो मावशी..." आणि तो तिथेच थांबला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "हा कनचा? हा कवाच ऐकला न्हाय."

सासू तिथेच खाली बसली. रंजना निरांजनाकडे बघत उभी होती. मी केबिनमध्ये चढलो. डॅशबोर्ड काळा होता. चावी घरात खुंटीला होती. दुसरा कुठला स्पीकर, कुणाचा मोबाइल, जवळपास चालू असलेला दुसरा बोकड... सगळं शोधलं. काही नव्हतं.

नंतर अलिबागला, कोर्टामागच्या आमच्या वकिलांच्या ऑफिसात कंपनीची माणसं बोलणी करायला आली. बरोबर एक तोर्वियन इंजिनीअर होता. सभ्य, थकलेला माणूस. आमच्या वकिलांनी त्याला फक्त आवाज ऐकवला आणि अर्थ विचारला. त्याने लगेच इंग्रजीत सांगितला.

"ब्रेकची हवा कमी आहे. गाडी थांबवा."

कंपनीच्या वकिलाने खुर्चीत पाठ टेकली. "म्हणजे इशारा मिळतो. आम्ही दुसरं काय म्हणत होतो? ही तुम्हीच आणलीत ना, क्लिप?"

आमच्या वकिलांनी आम्हाला बाहेर नेलं. म्हणाले, "ताई, बॅटरी होती म्हणालात तर यंत्रणा चालू होती हे त्यांचंच सिद्ध होतं. नव्हती म्हणालात तर मला कोर्टात भूत उभं करावं लागेल. दोन्हीकडून आपण जातो. ही क्लिप आणलीच नव्हती असं समजा. आपल्या मोबाइलवर काय होतं, काय नव्हतं, कुणी विचारत नाही."

रंजना म्हणाली, "बॅटरी नव्हती."

"अहो, तेच तर –"

"साहेब, बॅटरी असती तर मी ही इथवर आनलीच नसती. मंग ती नुसती मशीनची बडबड झाली असती." आणि ती आत गेली. मोबाइल त्या इंजिनीअरसमोर ठेवून मला म्हणाली, "दादा, यांना सांग, आता डोलं उघडं ठेवून बघा."

त्याने चित्रण पाहिलं. निरांजनाशी थांबवलं, बोटांनी मोठं करून केबलची तोंडं पाहिली. पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग म्हणाला, आमच्याकडे हे वाक्य गाडी उभी राहीपर्यंत वाजत राहतं. एकदाच वाजून थांबत नाही.

मी ते मराठीत सांगितलं. रंजना म्हणाली, "गाडी उभीच होती ना."

हे मी इंग्रजीत केलं नाही. त्याने विचारलंही नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि कंपनीच्या वकिलाकडे न बघता बाहेर जाऊन उभा राहिला. त्या दिवसानंतर तो आमच्या प्रकरणात दिसला नाही. अहवाल होता तसाच आहे. शब्दही.

मी ऑटो इलेक्ट्रिशियनना विचारलं, एका प्राध्यापकांना विचारलं. गाडीत कुठेतरी साठून राहिलेली वीज, असं एकाने सुचवलं. पण अपघाताला तोवर महिने उलटले होते, आणि इतकी वीज साठेल असा भागच त्यात नाही, असं बाकीच्यांनी सांगितलं. आवाज नंतर घातला असेल, असंही एकजण म्हणाला. चित्रण मी केलंय आणि मूळ फाइल माझ्याकडे आहे, त्यामुळे ती शक्यता माझ्यापुरती तरी उरत नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. डेस्कवर ही बातमी दुसऱ्या कुणी आणली असती तर मी ती कापली असती.

जनार्दनने तो आवाज ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला. आता बोकडावर नवीन माणूस बसला की आधी त्याला तो ऐकवतात – हा वाजला की उभी करायची, बाकी काही बघायचा न्हाय. वाक्याची चाल आज दिघीपासून पेणपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

चालत्या गाडीतून ते अजून कुणीही ऐकलेलं नाही.