बूड पाण्यात, तोंड जाळावर

किस्से घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. एक जपून ठेवावा, तर शेजारी दुसरा येऊन बसतो. आमच्या घरचे किस्से मात्र काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांचे! सन १९६८, आश्विन महिना. पावसाळा सरला होता, भात दाणा धरत होते आणि रोह्याजवळच्या आमच्या शेतात रानडुकरे रोज उतरू लागली होती.

माझ्या यजमानांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती. पितळी पुंगळ्या मात्र एका पिशवीत मावतील इतक्याच. रोह्याचा दुकानदार म्हणाला, "नवीन माल नाय. येईल तेव्हा येईल." पुन्हापुन्हा भरून उडवलेल्या पुंगळीचे तोंड कडक होऊन तडकते. आहेत त्या तडकल्या, की बंदूक गप्प आणि भात डुकरांचे!

माझे माहेर पेणचे. शेजारचे तांबट भांडे ठोकण्याआधी तापवून मऊ करीत, हे मी लहानपणापासून पाहिलेले. मी म्हटले, "तोंड तेवढे तापवून मऊ करू. बूड कडकच राहिले पाहिजे. बार उडतो तेव्हाचा जोर तेच सोसते."

धाकटे दीर विष्णुभावोजी हसले. "वैनी, मॅट्रिकला बंदुकीचा पेपर होता काय?"

*

भावोजींनी आपल्या वाट्याच्या पुंगळ्या सरळ निखाऱ्यांत लोटल्या. "पितळ ते पितळ! तोंड काय नि बूड काय!"

दुसऱ्या पहाटे बार निघाला. पण मऊ पडलेले बूड फुगून असे रुतले, की बंदूक उघडेना. भावोजी बांधावर बसून काठीने ठोकत राहिले. पळालेले डुक्कर थोड्या वेळाने परतले आणि त्यांच्यासमोरच यथासांग जेवले!

*

मी परातीत पाणी घेऊन पुंगळ्या उभ्या केल्या. बुडे पाण्यात, तोंडे वर. मग डाग द्यायच्या ब्लोलॅम्पची ज्योत तोंडांवर. पितळेला येणारी मंद लाली उजेडात दिसत नाही, म्हणून माजघराची दारे लावून घेतली. लाली दिसली, की पुंगळी पाण्यात आडवी!

बाहेरून शेजारच्या गोदूमावशींनी हाक मारली, "अगो, दारं लावून कसली पूजा चाललीय गो?"

"पितळेची!"

दार उघडले, तेव्हा उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलेले होते.

भावोजींना एवढे पुरले. "दाराआडची विद्या! खरी असेल तर उजेडात करा की!"

*

तापवलेल्या पुंगळ्या मी चिंचेने लख्ख घासल्या. सासूबाईंनी देवघराकडे बोट दाखवले.

"देवाची भांडी काळी नि डुकरांची चकचकीत!"

त्या दिवशी देवांनाही चिंच मिळाली.

*

कापणीच्या शेवटच्या दिवशी निकाल लागला. भात खळ्यावर आले. यजमानांनी सर्वांदेखत अंगणात पिशवी उपडी केली. पुनःपुन्हा भरलेल्या, पुनःपुन्हा उडालेल्या पुंगळ्या. एकीलाही तडा नाही!

पार खांब गावापर्यंतचे बंदूक-परवानेवाले आपापल्या पुंगळ्या रुमालात बांधून आले होते. रांगेच्या अगदी शेवटी, चपला काढून, विष्णुभावोजी बसले होते.

त्यांचा नंबर आला. मी माजघरात परात पुढे ओढली, ब्लोलॅम्प पेटवला. भावोजी उठले आणि एकदा दारातून उघड्या अंगणाकडे पाहून हळूच म्हणाले,

"वैनी, दार मी लावू?"