बंद स्टेशनावरचा रांजण

आमचं घर बावीस प्रतिज्ञा घेतलेलं. भूत-प्रेत, अंगात येणं, लिंबू-मिरची... काहीच चालायचं नाही. कोणी असलं सांगू लागलं की मी सरळ म्हणायची, "डॉक्टरला दाखव बाई." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतं. पण मी एकटीनं पाहिलं असतं तर गप्प बसली असती. सोबत शेवंता होती.

गोंदियाहून बालाघाटकडे पूर्वी छोटी लाईन जायची. तिच्यावर आमच्या गावाचं एवढंसं स्टेशन — टिनाचं शेड, तिकिटाची खिडकी आणि बाजूला पाण्याची खोली. उन्हाळ्यापुरतं माझ्या मायला तिथं पाणी भरायला ठेवत. विहिरीवरून घागरी आणून ती रांजण भरायची, आणि गाडी आली की खिडकीतून लांब दांड्याच्या ओगराळ्यानं लोकांच्या ओंजळीत पाणी सोडायची. गावात आमच्या हातचं पाणी न घेणारी माणसं त्या खिडकीपुढे मात्र वाकून ओंजळ धरायची! उन्हाची तहानच तशी ना. मायचा एक नेम होता — रांजण भरल्याशिवाय आपण घोटभरही प्यायचं नाही.

मग मोठी लाईन आली, ती गावाच्या दुसऱ्या अंगानं गेली. स्टेशन बंद पडलं. कोण्या ठेकेदारानं तिथं खडी टाकली, तारेचं कुंपण केलं, चौकीदार बसवला.

२०१० च्या आसपासचा उन्हाळा असेल. माय अंथरुणावर, मी गोंदियाहून तिच्या सेवेला आलेली. एक दिवस तिनं पाणीच बंद केलं. चमचा ओठाला लावला की तोंड फिरवायची.

"गाडी येऊन राहिली. रांजण भरला नाही."

"भरला व माय," मी खोटंच बोलली.

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. "पाय त साफ आहेत तुझे. स्टेशनची काळी धूळ कुठं आहे? तू गेलीच नाही."

डॉक्टर सांगून गेले होते, संध्याकाळपर्यंत पोटात पाणी नाही गेलं तर गोंदियाला हलवा. आणि त्या जिवाला जीपचे धक्के सोसलेच नसते. म्हटलं, जाऊन यावं, निदान पाय काळे करून यावं. निघाली तर शेवंता दारात. माझी लहानपणची मैत्रीण, गावातच दिलेली, पण तिच्या सासरी आमच्यासाठी कप वेगळा असायचा... असो.

"एकटी कायले जातेस? चाल, मीबी येतो."

भर दुपार. चौकीदार झोपडीत जेवायला बसला होता. आम्ही दोघी म्हाताऱ्या तारेखालून सरपटत गेलो. माझं लुगडं अडकलं तर शेवंता हसायलाच लागली.

"अवो, हळू हस! त्यानं पकडलं त काय सांगू?"

"सांगजो, बकरी शोधून राहिलो."

पाण्याच्या खोलीच्या दाराला कुलूप, गंजून दाराशी एक झालेलं. खिडकीची जाळी तेवढी तुटलेली. मी डोकावली... रांजण काठोकाठ भरलेला. भोवती पोतं गुंडाळलेलं, ओलं. खाली थेंब टपकत होते. ओगराळं खिडकीशीच, त्याच्या जुन्या खिळ्याला.

"शेवंते, चाल इथून," मी म्हटलं.

पण शेवंता उन्हानं लाल झाली होती. तिनं हात आत घातला, ओगराळं बुडवलं आणि घटाघट प्यायली. एवढी घाईनं की ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. मी तिला ओढत घरी आणली.

माय डोळे मिटून पडली होती. आमची चाहूल लागली तसं म्हणाली, "भरला ना?"

"भरला माय," मी म्हटलं. या वेळेस खरंच.

"शेवंते, पोरी, घाई कायले करतेस व? दम घेऊन पेत जा. ठसका लागते मंग."

आम्ही कोणीच काही सांगितलं नव्हतं. शेवंता तिच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. "गोड होतं मावशी पाणी. लय गोड होतं."

माय हसली. मग तिनं स्वतःच पाणी मागितलं, आणि गिलासभर प्यायली.

दोन-तीन दिवसांनी मी भावाला घेऊन गेली, या वेळेस चौकीदाराला विचारून. त्यानं पहारीनं दार उघडलं. रांजणाचं बूड फुटलेलं. त्या भोकातून कडुनिंबाचं झाड वर आलेलं, मनगटाएवढं जाड. एवढं झाड दोन दिवसांत वाढत नाही, हे मलाही कळते. पोतं नाही, ओगराळं नाही. नुसता खिळा. चौकीदार म्हणाला, "बाई, विहीर त कवाचीच बुजवली आहे."

माय त्यानंतर दिवाळीपर्यंत होती. रोज पाणी प्यायली, स्टेशनचं नाव पुन्हा काढलं नाही.

मी आजही भुतंखेतं मानत नाही. पण ते पाणी कुठलं, कोणी भरलं, हे अजून मनातून जात नाही. शेवंताला विचारलं की ती चिडते. माझ्या घरी येते, माठाशी जाते, आपल्या हातानं पाणी घेते आणि म्हणते, "कोणं भरलं ते राहू दे ना व. मी पेली, मंग मावशी पेली. आणखी काय पाहिजे तुले?"

आता ती दम घेऊन पिते.