शुद्धीवर आलेल्याची राखण

तातडीच्या विभागात डॉक्टरांसाठी एक खुर्ची आहे. तिच्यावर सहसा कोणाच्या तरी पिशव्या असतात, कारण इथल्या डॉक्टरीणबाई बसत नाहीत. त्यांना माघारी सगळे 'भिंगरी' म्हणतात आणि त्यांना ते ठाऊक आहे. घरी उभ्याने जेवतात म्हणून आई करवादते, "जेवताना तरी बूड टेकव, घोडा आहेस का?" पन्नाशी आली, फरक नाही.

विषबाधेचा किंवा औषध जास्त झाल्याचा रुग्ण आला की भिंगरी आणखी फिरते. मोडलेलं हाड हाताला लागतं. अंगात भिनलेलं काही दिसत नाही, आणि घरचे सांगतात ते पुरतं नसतं. कोणी लाजेने लपवतं, कोणी भीतीने. काहींना तर आपल्याकडून काही राहून गेलंय याचा पत्ताच नसतो.

त्या दुपारी आलेल्या म्हाताऱ्या शिंप्याच्या घरचे असेच होते. मुलाने आणि शेजाऱ्याने त्याला चादरीच्या झोळीतून आणलं. हाकेला ओ नव्हती, ओठ निळसर पडले होते.

"झटका आलाय," मुलगा सांगत होता. "आधी डोक्याचा फोटो काढा."

डॉक्टरीणबाईंनी पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. छाती एकदा हलली आणि मग इतका वेळ थांबली की मुलगाही बोलायचा थांबला. सिस्टरने तोंडावर मास्क दाबून फुग्याने श्वास द्यायला घेतला.

"काय औषध घेतलं?"

"काही नाही हो," शिंप्याची बायको म्हणाली. "कॅन्सर मणक्यात उतरलाय, पण यांना गोळ्यांचा तिटकारा."

"मग दुखणं सोसतात कसं?"

"सोसतात कसले, घर डोक्यावर घेतात. आज गरम पाण्याच्या पिशवीने पाठ शेकली, तर काय गाढ झोपले! म्हटलं, झोपू दे."

"कुशीवर घ्या," बाई म्हणाल्या आणि सदरा कापला. पाठीवर दोन पारदर्शक पट्ट्या होत्या. एक नवी, एक कडेने सुटत आलेली. भोवतीची कातडी शेकून लाल झाली होती.

"ती दुखण्यावरची पट्टी," आजी म्हणाल्या. "दवाखान्यातून मिळते."

"जुनी काढली नाहीत?"

"चिकटलेली होती की अजून. आमच्याकडे चिंधी टाकत नाहीत, तर औषध कशाला टाकू?"

"आजी, हेच ते औषध. अफूच्या जातीचं. कातडीतून आत जातं, आणि शेक लागला की धावत सुटतं."

पट्ट्या निघाल्या, पाठ पाण्याने धुतली गेली. शिरेतून उतारा दिला, थोडा थोडा, श्वास सुरू होण्यापुरता. एकदम दिला तर कळही एकदम परत येते. शिंप्याने डोळे उघडले आणि सदऱ्याकडे पाहिलं.

"कोणत्या गाढवाने कापला हा? शिवण उसवता येत नव्हती?"

मुलगा हसता हसता रडायला लागला. घरच्यांच्या लेखी प्रकरण इथे मिटलं होतं. डॉक्टरीणबाईंची येरझार इथून सुरू झाली.

"घरी नेतो," मुलगा म्हणाला.

"उतारा लवकर ओसरतो. औषध मात्र कातडीखाली मुरलंय, उद्यापर्यंत अंगात येत राहील. घरी ते पुन्हा तसेच झोपतील."

"अहो, बोलतायत, ओळखतायत, भांडतायत. तुम्ही लोक उगाच घाबरवता."

"मी काय इथे मुक्कामाला आलोय?" शिंप्याने चपला मागितल्या.

शुद्धीवरच्या माणसाला बांधून ठेवता येत नाही. बाई दारापर्यंत गेल्या, परत आल्या, मुलाला सोडून आजींसमोर उभ्या राहिल्या.

"दुपारी झोपले तेव्हा घोरत होते?"

"घोरत होते की, भिंत हादरेल असे. मग थांबलं. मला तर बरंच वाटलं. म्हणजे तेव्हा श्वासच..." आजी मध्येच थांबल्या. खाली वाकून त्यांनी घरून सोबत आणलेल्या नवऱ्याच्या चपला उचलल्या आणि पिशवीत कोंबल्या. "हे कुठेही जात नाहीत."

"अगं, पण..."

"तुम्ही गप पडा."

थोड्या वेळाने शिंपी बायकोला तिच्या माहेरच्यांवरून टोमणा मारत होता. टोमणा अर्ध्यावर राहिला. मान कलली, घोरणं सुरू झालं. आजींची किंकाळी निघायच्या आत बाई पलंगापाशी होत्या. पुन्हा फुगा, पुन्हा उतारा, आणि या वेळी सलाईनमधून संथपणे चालू ठेवलेला. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. घरी न्यायचं त्याने पुन्हा काढलं नाही.

शुद्धीबरोबर कळही आली. शिंपी दातावर दात आवळत म्हणाला, "ती पट्टी लावा परत."

"नको ते विष!" आजी म्हणाल्या.

"विष नाही, आजी. पुढे तीच लागेल. एका वेळी एक, जुनी काढून, आणि शेकायचं नाही. पण आज नाही." आज देण्यासारखं साधं वेदनाशामक होतं. त्याने पुरतं भागणार नाही, हे त्यांनी दोघांनाही सांगून टाकलं.

शिंपी कण्हत राहिला. जरा डोळे मिटले की आजी त्याचा खांदा हलवायच्या.

"झोपलेला नवरा बरा वाटत होता ना तुला?" तो करवादला.

"दुपारपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि चिमटा काढला.