हेमराजकाकांचे एकतीस पाहुणे

हेमराजकाका आज सकाळी गेले. पाच वर्षांपूर्वी त्यांच्यावर अख्ख्या इंटरनेटला हसवणारी मी होते.

हे आजवर कोणाला सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही.

तुम्ही बरेच जण मला 'रोज एक लिंक'मुळे ओळखता. कुणीतरी हौसेनं बनवलेल्या, जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या वेबसाईट्स मी शोधते, शेअर करते. कुणी नुसत्या दाराच्या कड्यांचे फोटो जमवलेत, कुणी बसथांबे रंगवतंय.

खाली बनवणाऱ्याचं नाव आवर्जून देते. क्रेडिट न देणाऱ्यांना चारचौघांत झापते.

आता पुढचं ऐका.

काका गावाकडे आमच्या शेजारचे. नाटकाची अनाउन्समेंट हा त्यांचा जन्माचा धंदा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच. दुपारी दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. ऑटोवर भोंगा बांधून काका आजूबाजूची सगळी गावं पालथी घालायचे.

प्रत्येक नाटकाचं रंगीत पत्रक त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. साठी उलटल्यावर मुलीकडून शिकून त्यांनी त्या पत्रकांची वेबसाईट बनवली.

पिवळंधमक बॅकग्राउंड. लाल अक्षरं, तीही सरकणारी. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत. आणि भाषा सगळी भोंग्याची. 'या हो या! याल तर पाहाल, नाही तर वर्षभर हळहळाल!'

सगळ्यात खाली पाहुण्यांची वही. नाव लिहा, गाव लिहा.

लिंक त्यांनीच मला पाठवली. "पोरी, तू असंच काईबाई शोधत रायतेस म्हने. पाय बरं, कसं जमलं."

ऑफिसमध्ये उघडली. शेजारच्या टेबलावरचे डोकावले आणि हसले. मग मीही हसले.

आणि पोस्ट टाकली. "कुठल्यातरी खेड्यातल्या काकांनी ही साईट बनवलीय. डोळ्यांचा विमा काढून मगच जा."

कुठल्यातरी खेड्यातल्या!

त्यांच्या अंगणातल्या खाटेवर लोळत मी दहावीचा अभ्यास केलाय. नाव लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुझ्या गावचे का गं? पुण्यात मी नागपूरची आहे असं सांगत होते. एवढ्यासाठी नाव खाल्लं.

पोस्ट तुफान चालली. लोक साईटवर तुटून पडले. वहीत वाट्टेल त्या नावांनी लिहायला लागले. 'काय डिझाईन आहे सर, परदेशात दाखवा.' काका प्रत्येकाला उत्तर द्यायचे. 'आभारी आहे. आमच्या मंडईला अवश्य यावे. जेवण आपलेच घरी.'

एकतीस जणांनी लिहिलं, 'येणार!'

काकांचा फोन आला. "पोरी, तुया लिंकीवरून किती लोक येऊन राहिले! एकतीस पाहुने तं पक्के झाले."

"काका, लोक नुसतं लिहितात हो."

"कायले लिहिन कोनी नुसतं? येतो म्हनलं म्हंजे येतेच मानूस."

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी 'मीटिंग आहे' म्हणून फोन ठेवला.

मंडईला मी गावी होते. काकूंनी लाखोळीच्या डाळीचे वडे टोपलीभर तळले होते. शेजाऱ्यांच्या खाटा मागून आणून अंगणात टाकल्या होत्या. भंडाऱ्याहून एस.टी. आली की काका स्टँडवर जाऊन उभे राहायचे. परत यायचे. पुन्हा जायचे.

दंडार सुरू व्हायच्या आधी त्यांनी मंडपात माईक घेतला. त्यांना वाटलं, पाहुणे गर्दीत कुठेतरी पोचले असतील. खिशातून कागद काढला आणि त्याच जुन्या आवाजात सुरू झाले.

"बाहेरगावच्या पाहुण्यांचं सहर्ष स्वागत! टोमॅटो सॉस नव्व्याण्णव, राहणार पुणे! झोपाळू पांडा, राहणार मुंबई!"

अख्खी मंडई हसायला लागली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. काकांना वाटलं आवाज पोचत नाही, म्हणून ते आणखी जोरात वाचू लागले. एकतीसच्या एकतीस नावं वाचली.

मीही हसले, लोकांत वेगळी दिसू नये म्हणून.

मग त्यांनी कागदाची घडी केली.

"अन् हे सारे पाहुने आपल्या गावाले जोडून देनारी आपल्याच गावची लेक आहे. प्राची. कुठी आहेस माय? समोर ये. वाजवा टाळ्या!"

मी त्यांचं नाव खाल्लं होतं. त्यांनी माझं भर मंडईत घेतलं.

मी समोर गेले नाही. मैत्रिणीच्या मागे लपले.

संध्याकाळी काकू घरोघरी वडे वाटत आल्या. "ते पाहुने काहून नाई आले वं, प्राची?"

"गाडी चुकली असेल, काकू."

एकतीस जणांची.

त्यानंतर दरवर्षी मंडईच्या आधी काकांचा फोन. "औंदा येऊन राहिली ना?" दरवर्षी माझं एकच उत्तर, सुट्टी नाही. सुट्टी होती. तोंड नव्हतं.

आज बातमी कळल्यावर पाच वर्षांनी ती साईट उघडली. पाकळ्या अजून पडतायत. वहीत त्या एकतीस नावांखाली काकांनी मंडईच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं आहे.

'ज्यांना येणे जमले नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पुढील मंडईला यावे. खाटा आहेत.'

ते हे कोणाला उद्देशून लिहीत होते, मला माहीत नाही. मी बराच वेळ रडले.

त्या वहीत माझं नाव नव्हतंच. आज लिहिलं. नाव प्राची, गाव अड्याळ.

नागपूरपर्यंत विमानानं आले, आता भंडाऱ्याहून निघालेल्या एस.टी.त बसून हे लिहितेय. अर्ध्या तासात स्टँडवर उतरेन. आज तिथे पाहुण्यांची वाट पाहत कुणी उभं नसेल.

आजची लिंक पहिल्या कमेंटमध्ये आहे. बनवणाऱ्याचं नाव, हेमराज मेश्राम, अड्याळ, जिल्हा भंडारा. माझ्या गावचे. माझे काका.

चुकलं माझं, काका. अखेरचा जयभीम.